बोत, तुरटी आणि निवळलेली बिअर

(दृश्य : ओट्यावर बिअरचा ग्लास, त्याच्यामागे उभं धरलेलं वर्तमानपत्र)

बिअर निवळली की नाही, हे पाहायची घरगुती युक्ती. ग्लासाच्या आरपार मथळा वाचता यायला हवा. या ग्लासातून अजून कागदसुद्धा धड दिसत नाही.

हे स्वयंपाकघर इंग्लंडमधलं. घरी बिअर करायला तिथे परवाना लागायचा, तो 1963 साली रद्द झाला आणि घरोघरी बादल्या फसफसू लागल्या. चव जमायची. गढूळपणा मात्र जाता जात नसे.

थोडा दोष यीस्टचा. काम संपलं तरी या पेशी तरंगत राहतात. पण खरा खट्याळ गढूळपणा वेगळाच. बार्लीतली प्रथिनं आणि धान्याच्या सालीतली, हॉप्समधली (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) टॅनिनं, म्हणजे तुरट द्रव्यं, थंडीत एकमेकांना चिकटतात. बाहेर स्वच्छ दिसणारी बिअर फ्रिजमधून काढली की धुकट, आणि हातात जरा कोमट झाली की पुन्हा स्वच्छ!

(दृश्य : उकळतं पातेलं, गुठळ्या)

त्याचा बंदोबस्त चुलीवरच. उकळी संपायला 15 मिनिटं उरली की चिमूटभर आयरिश मॉस, म्हणजे अटलांटिकच्या किनाऱ्यावरचं शेवाळ. प्रथिनं फाटलेल्या दुधासारखी गोळा होतात.

आणि यीस्टसाठी? आयझिंग्लास. नाव काचेचं, वस्तू माशाच्या पोटातली : हवेची पिशवी. वाळवायची, सौम्य आम्लात विरघळवायची, बिअरमध्ये ढवळायची. पावसाळ्यात हंड्यात तुरटी फिरवतो ना, तोच मामला. मातीच्या कणांवर ऋण भार, तसाच यीस्टवर. धन भाराचं काही आलं की सगळे त्याला बिलगून तळाशी. फक्त आयझिंग्लास गरम करायचं नाही. केलंत, तर त्याचं साधं जिलेटिन होतं.

ही पिशवी पूर्वी रशियातल्या स्टर्जन माशाची असे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांची नजर हिंदुस्थानच्या किनाऱ्याकडेही वळली. आपल्या पालघरच्या कोळ्यांना ही पिशवी सांगायला नको. त्यांच्याकडे तिचं नाव बोत. घोळ मासा कापताना बोत आधी जपून बाजूला निघतं. आज मात्र त्याचा भाव बिअरवाले ठरवत नाहीत, पूर्व आशियातले सूपवाले ठरवतात.

बव्हेरियातली गव्हाची बिअर तर मुद्दाम गढूळच पितात, आणि छान लागते. तेव्हा हा सगळा खटाटोप डोळ्यांसाठी. माझं विचाराल, तर मासा नको आणि जिलेटिनही नको. फ्रिजमध्ये, शून्य अंशाच्या जरा वर, दोन-तीन दिवस, भांडं न हलवता.

(दृश्य : भांड्याच्या तळाशी दह्यासारखा पांढरट साका, वरून नळी आत उतरते)

वरची निवळ काढायची, एवढंच उरलं. नळी साक्याच्या दोन बोटं वर हवी. हळू... अजून थोडी...

टेकली. सगळं पुन्हा वर आलं.

फ्रिजचं दार बंद. परवा बघू.