गढूळ पाणी आणि क्लोरीनची मात्रा

श्रोतेहो, नमस्कार. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येऊ लागले की त्याला औषधाचा वासही जरा जास्तच येतो, हा आपल्यापैकी अनेकांचा अनुभव आहे. तो वास क्लोरीनचा असतो. आज ज्या द्रव्यांविषयी मी बोलणार आहे, ती मात्र इतकी अल्प असतात की नाकाला कळतही नाहीत.

नदीच्या आणि धरणाच्या पाण्यात कुजलेल्या पालापाचोळ्याचा आणि शेवाळाचा अंश विरघळलेला असतो. क्लोरीन जंतू मारता मारता या अंशाशीही संयोग पावतो आणि त्यातून क्लोरोफॉर्म व त्याच्या जातकुळीतली ट्रायहॅलोमिथेन ही द्रव्ये तयार होतात. रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यात काम करणारे रसायनशास्त्रज्ञ योहानेस रूक यांनी १९७४ साली हे प्रथम दाखवून दिले. वर्षानुवर्षे असे पाणी पिणाऱ्यांत मूत्राशयाच्या कर्करोगाचे प्रमाण काहीसे अधिक असल्याचे पुढे अनेक पाहण्यांत आढळले. आपल्या भारतीय मानकानुसार लिटरभर पाण्यात क्लोरोफॉर्म ०.२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये.

मग क्लोरीनच बंद का करू नये? नेदरलँड्सने तसे केले. पण तिथल्या जलवाहिन्यांत चोवीस तास दाबाने पाणी असते आणि गळती फार थोडी. आपल्याकडे तास-दोन तास पाणी येते, नंतर रिकाम्या पाइपात चिरांमधून गटाराचे पाणी शिरू शकते. म्हणून ग्रामपंचायतीचा कर्मचारी शेवटच्या नळाचे पाणी नळीत घेऊन ओटीचे, म्हणजे क्लोरीन असल्यास पाणी पिवळे करणाऱ्या ऑर्थोटोलिडीन या द्रावणाचे थेंब टाकतो, तेव्हा उमटणारा पिवळा रंग हा कॉलरा आणि कावीळ यांच्यापासूनचा आपला आधार असतो. तो आधार सोडणे मला मुळीच मान्य नाही.

माझा आक्षेप आहे तो क्रमाला. आधी तुरटी फिरवून गाळ खाली बसू द्यावा, मग वाळूच्या थरातून पाणी गाळावे आणि त्यानंतरच क्लोरीन द्यावा, म्हणजे त्याच्याशी संयोग पावणारा सेंद्रिय अंश आधीच बराच कमी झालेला असतो. याउलट गाळणी नादुरुस्त असताना, पाणी गढूळ दिसते म्हणून नुसती टीसीएल पावडरची, म्हणजे क्लोरीन देणाऱ्या ब्लीचिंग पावडरची, मात्रा वाढवून वेळ मारून नेली, तर ही द्रव्ये वाढतात, आणि गाळाच्या कणांआड दडलेले जंतूही वाचू शकतात. ओटीच्या चाचणीत यातले काहीच दिसत नाही, कारण ती फक्त क्लोरीन दाखवते. तेव्हा येत्या ग्रामसभेत टीसीएलच्या साठ्याबरोबरच गाळणीची वाळू शेवटची कधी धुतली, हेही अवश्य विचारा.