रस्त्यातली साडेतीन मीटर जागा

(पडद्यावर: दादर पूर्वेचा चौक, सकाळी नऊची वेळ. उड्डाणपुलाच्या सावलीत थांबलेल्या बसगाड्या, मध्ये घुसणाऱ्या टॅक्सी.)

बसचा वाहक ‘दादर टीटी’ असे पुकारतो, तेव्हा त्या दोन ‘टीं’चा अर्थ उतरणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या ध्यानात असतो. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली, ७ मे १९०७ रोजी ती विजेवर धावू लागली, १९२० मध्ये दुमजली झाली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला निघालेली गाडी शेवटची ठरली. ट्राम रस्त्याच्या मधोमध चालत असे, त्यामुळे चढणाऱ्या-उतरणाऱ्याला वाहने चुकवत मध्यापर्यंत जावे लागे. मोटारी वाढल्या, तशी ही गाडी वाटेतली धोंड वाटू लागली. बस हवी तिथे वळते, ट्राम वळत नाही, हा त्या काळचा युक्तिवाद होता आणि तो खोटा नव्हता.

आज वाढत्या शहरांसमोर नेमका तोच प्रश्न नव्या नावांनी उभा आहे. एका बाजूला लाइट रेल, म्हणजे आधुनिक ट्राम: खालच्या जोत्याची, दोन-तीन डबे जोडलेली, जमेल तिथे रस्त्याच्याच पातळीवर पण स्वतःच्या पट्ट्यातून धावणारी. दुसऱ्या बाजूला बीआरटी, म्हणजे जलद बससेवा: बससाठी राखून ठेवलेली साडेतीन मीटर रुंदीची मार्गिका, बसच्या दाराइतक्याच उंचीचा फलाट, आणि बसमध्ये चढण्यापूर्वीच काढलेले तिकीट. या दोहोंपैकी मुंबईला काय परवडेल, असे विचारले जाते. आमच्या मते हा प्रश्न अर्धवट विचारला जातो आणि त्याचा गाळलेला अर्धा भाग रस्त्यावर पडलेला असतो. म्हणूनच या चित्रफितीचा बराचसा भाग आम्ही फुटपाथवर उभे राहून चित्रित केला आहे.

(पडद्यावर: वांद्रे-कुर्ला संकुल. बसथांब्यावरची रांग.)

वांद्रे पूर्व आणि कुर्ला पश्चिम या दोन स्थानकांमध्ये बेस्टची ३१० क्रमांकाची बस धावते. संकुलात काम करणाऱ्यांचा तो जुना आधार आहे. आता थांब्याकडे नीट पाहावे. थांब्याच्या अगदी समोर एक मोटार उभी आहे, तिचा चालक आत बसून मोबाइल पाहत आहे. बस येते, पण कडेला लागू शकत नाही. ती दुसऱ्या ओळीत तिरकी थांबते आणि मागची वाहने हॉर्न वाजवू लागतात. प्रवासी फुटपाथवरून उतरून रस्त्यावर येतात, एक बाई आधी पिशवी पायरीवर ठेवते, मग दांडा धरून स्वतःला वर ओढते, आणि दारातली गर्दी ‘पुढे सरका’ या हाकेवर एकेक पाऊल हलते. बसचा वेग कमी असण्याचे खरे कारण इंजिनात नसते, ते या थांब्यावर असते. फलाट दाराच्या उंचीचा असेल, तिकीट आधीच काढलेले असेल आणि समोर कोणी मोटार लावू शकत नसेल, तर हाच सगळा व्यवहार काही सेकंदांत आटोपतो. बीआरटीचे सारे तंत्र एवढ्यात आले. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराने १९७४ मध्ये हेच ओळखले, कोलंबियाच्या बोगोटाने २००० मध्ये ते मोठ्या प्रमाणावर उभे केले आणि अहमदाबादने २००९ मध्ये ते आपल्याकडे करून दाखवले.

आता थोडे अंकगणित. बारा मीटर लांबीच्या बसमध्ये बसलेले आणि उभे असे सुमारे ७० प्रवासी धरले आणि राखीव मार्गिकेतून दर अर्ध्या मिनिटाला एक बस सोडली, तर तासाला एका दिशेने ८,४०० माणसे जातात. केंद्र शासनाने २०१९ मध्ये लहान शहरांसाठी ‘मेट्रोलाइट’ नावाने लाइट रेलचे मापदंड ठरवले, त्यांत तीन डब्यांच्या गाडीत सुमारे ३०० प्रवासी गृहीत धरले आहेत. अशी गाडी दर दोन मिनिटांनी सुटली, तर तासाला ९,००० होतात. फरक आहे, पण ज्यासाठी दोन्ही पक्षांनी इतकी वर्षे भांडावे एवढा तो नाही. बोगोटाच्या बसगाड्या याच्या कितीतरी पट माणसे वाहतात, हे खरे. मात्र तिथे एका बसला दुसरीला मागे टाकता यावे म्हणून थांब्यांपाशी प्रत्येक दिशेला दोन-दोन मार्गिका दिलेल्या आहेत. लालबागच्या रस्त्यावर चार मार्गिका बसला देण्याची गोष्ट कोणी काढली, तर त्याला चहासुद्धा मिळणार नाही.

रुळांच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते मान्य केले पाहिजे. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरते, तेव्हा ऊर्जा कमी लागते, प्रवास सुखाचा होतो, आणि तीनशे माणसांमागे एकच चालक पुरतो. रूळ टाकलेल्या रस्त्याकडे बिल्डरही विश्वासाने पाहतो, कारण बसचा मार्ग उद्या बदलू शकतो, रूळ उद्या उचलत नाहीत, असा सर्वांचा समज असतो. पण मुंबईत रूळ टाकायचे, तर आधी जमिनीखाली काय आहे ते पाहावे लागते. जलवाहिन्या, मलवाहिन्या, विजेच्या आणि दूरध्वनीच्या तारा, सगळे एकमेकांवर रचलेले आहे. रुळांखाली असलेली वाहिनी फुटली तर दुरुस्तीसाठी गाडी बंद ठेवावी लागते, म्हणून ती सगळी आधी बाजूला न्यावी लागतात. त्यात पावसाळा. हिंदमाताला पाणी भरले की बस वळवतात, प्रवासी चडफडतो, पण पोहोचतो. ट्राम वळवता येत नाही. एक गाडी बंद पडली की तिच्यामागे सगळी ओळ उभी राहते.

(पडद्यावर: चेंबूरजवळचा मोनोरेलचा मार्ग, रिकामी तुळई, खाली वाहणारी रहदारी.)

मुंबईने या दोन पर्यायांपैकी एकही न निवडता तिसराच रस्ता धरला, आणि तो रस्ता आकाशातून गेला. वडाळा ते चेंबूर मोनोरेल फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाली आणि मार्च २०१९ मध्ये ती संत गाडगे महाराज चौकापर्यंत पोहोचली. सुमारे वीस किलोमीटरच्या या मार्गासाठी सुमारे ३,००० कोटी रुपये लागले. क्षमतेने ती लाइट रेलच्याच जातीची होती, फक्त तिला जमिनीवर जागा मागायची नव्हती. एका तुळईवर बसून धावणारी अशी गाडी जगात मोजकेच कारखाने बनवतात, त्यामुळे सुटे भाग आणि नव्या गाड्या मिळणे हीच मोठी अडचण ठरली. नोव्हेंबर २०१७ मध्ये डब्यांना आग लागली, तेव्हा सेवा जवळजवळ दहा महिने बंद होती. १९ ऑगस्ट २०२५ च्या मुसळधार पावसात लोकल रखडल्या, लोक मोनोरेलकडे वळले, आणि १०४ टनांसाठी घडवलेली गाडी १०९ टनांवर जाऊन म्हैसूर कॉलनी आणि भक्ती पार्क यांच्या दरम्यान थांबली. जास्तीच्या वजनामुळे वीज घेणाऱ्या भागाचा विद्युतपट्टीशी संपर्क तुटला होता. आत पाचशेहून अधिक माणसे होती आणि अग्निशमन दलाला शिड्या लावून त्यांना उतरवावे लागले. रस्त्यावरची ट्राम बंद पडली असती, तर त्यांनी दार उघडून खाली उतरून चालायला सुरुवात केली असती. उंचीची ही किंमत प्रकल्प अहवालात कुठल्या रकान्यात लिहितात, कोण जाणे.

उंची आणि खोली महागही असते. कुलाबा-वांद्रे-सीप्झ भुयारी मेट्रो ३३.५ किलोमीटरची आहे आणि तिला ३७,००० कोटींहून अधिक खर्च आला, म्हणजे किलोमीटरला अकराशे कोटींच्या वर. ठाण्याच्या २९ किलोमीटरच्या वर्तुळाकार मेट्रोला ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, तिचा खर्च १२,२०० कोटी धरला आहे. तिथे मधल्या काळात लाइट रेलचा विचार होऊन तो मागे पडला. याच्याशेजारी नाशिकचा ‘मेट्रो निओ’ ठेवून पाहावा: विजेच्या तारेखाली टायरवर धावणारी, म्हणजे बस आणि रेल्वे यांच्या मधली गाडी, सुमारे ३३ किलोमीटर, २०२१ च्या अर्थसंकल्पात २,०९२ कोटी. तो त्यानंतर वर्षानुवर्षे कागदावरच राहिला. आम्ही भुयारी मेट्रोच्या विरोधात नाही. दक्षिण मुंबईच्या गर्दीला ती हवीच होती, आणि लोकलचा भार ज्याने सकाळी आठ वाजता अंगावर घेतला आहे, तो तिच्यावर टीका करणार नाही. पण प्रत्येक रस्त्याला मेट्रो देता येत नाही. बेस्टच्या बसने रोज पंचवीस-तीस लाख प्रवासी प्रवास करतात, आणि त्यांच्यासाठी आपण रस्त्यावर काय राखून ठेवले आहे, असा हा प्रश्न आहे.

(पडद्यावर: सागरी किनारा मार्ग, संध्याकाळ.)

याचे उत्तर या रस्त्यावर मिळते. मरीन ड्राइव्हपासून वरळीच्या सागरी सेतूपर्यंतचा हा मार्ग समुद्रात भराव घालून आणि मलबार हिलखाली बोगदे खोदून बांधला गेला. त्याला सुमारे १४,००० कोटी रुपये लागले आणि त्याचा पहिला टप्पा मार्च २०२४ मध्ये खुला झाला. इथे फेरीवाले नव्हते, दुकाने नव्हती, कडेला मोटारी उभ्या करण्याची सवय नव्हती, तोडायला घरे नव्हती. आराखड्यात बससाठी राखीव मार्गिका होती. रस्ता सुरू झाला आणि त्यावर मोटारी धावू लागल्या. ती मार्गिका मात्र डांबरावर कुठे उमटली नाही. कोऱ्या रस्त्यावर जे जमले नाही, ते मोहम्मद अली रोडवर जमेल, असे म्हणायला धाडस लागते.

रुंद रस्ते तरी किती उरले आहेत? पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या मध्यावर अंधेरी ते दहिसर मेट्रोचे खांब उभे आहेत. पूर्व द्रुतगती महामार्गावर घाटकोपरच्या छेडानगरपासून ठाण्याच्या आनंदनगरपर्यंत उन्नत रस्त्याचे काम हाती घेतले आहे. लालबागचा उड्डाणपूल २०११ पासून ज्या दुभाजकात पाय रोवून उभा आहे, तिथूनच ट्राम जात असे. वांद्रे-कुर्ला संकुलातही उत्तर शोधले गेले ते वरच: दोन्ही स्थानकांना जोडणारी सुमारे ८.८ किलोमीटरची पॉड टॅक्सी, म्हणजे उंचावरच्या मार्गावरून चालकाविना धावणारे छोटे डबे, एका पॉडमध्ये सहा माणसे. खालून ३१० क्रमांकाची बस त्याच गर्दीतून जाते.

मार्गिका दिली तरी ती टिकते असे नाही, हे दिल्ली आणि पुणे यांच्याकडून शिकावे. दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद हा ५.८ किलोमीटरचा मार्ग २००८ मध्ये सुरू झाला. मोटारवाल्यांची ओरड न्यायालयात गेली, उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मार्गिका काढण्यास नकार दिला, आणि तरीही काही वर्षांत शासनाने ती उखडली. पुण्याने २००६ च्या अखेरीस कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशात पहिला प्रयोग केला. पुढे नगर रस्त्यावरची मार्गिका मोटारींसाठी काढून टाकण्यात आली. म्हणून रूळ बरे, एकदा टाकले की कोणी काढत नाही, असे लाइट रेलचे पुरस्कर्ते म्हणतात. त्यांनी हुतात्मा चौकात यावे. २०१७ मध्ये फ्लोरा फाउंटनच्या जीर्णोद्धाराचे काम चालू असताना तिथे ट्रामचे रूळ सापडले. कोणी ते काढायचे कष्टही घेतले नव्हते. वरून फक्त रस्ता केला होता.

आमचे मत विचाराल, तर नव्या मुंबईसारख्या किंवा ठाण्याच्या घोडबंदर पट्ट्यासारख्या, जिथे रस्ते अजून आखता येतात, तिथे लाइट रेलचा विचार मनापासून व्हावा. मुंबई शहरात मात्र पहिली मागणी बसच्या मार्गिकेचीच असावी, कारण ती उद्या सकाळी आखता येते. दुभाजक, रंग, थांब्यावर उंच फलाट, दोन कॅमेरे, आणि उभी केलेली मोटार ओढून नेणारी एक गाडी: वांद्रे-कुर्ला संकुलापुरती एवढी सामग्री पुरते. पुढे प्रवासी वाढले आणि तीस सेकंदांची बसही पुरेनाशी झाली, तर त्याच पट्ट्यात रूळ टाकता येतील. पट्टा मोकळा असेल तर.

(पडद्यावर: पुन्हा संकुलातला सिग्नल. संध्याकाळचे सव्वासहा.)

सिग्नल हिरवा होतो. पहिल्या तिन्ही ओळींत मोटारी आहेत, बहुतेकांत एकेकच माणूस आहे. ३१० क्रमांकाची बस पाचव्या-सहाव्या जागेवर आहे, दारापर्यंत भरलेली, खिडक्यांच्या काचांवर आतल्या श्वासांची वाफ धरलेली. मोटारी निघतात, बस पुढे सरकते, झेब्रा पट्ट्यांपाशी येते, आणि दिवा लाल होतो. चालक इंजिन बंद करतो. मागच्या दारातून दोघे उतरतात आणि कुर्ल्याच्या दिशेने चालू लागतात.