पोम्पेई : एका रस्त्याचा पत्ता

[दृश्य : पोर्ता मरीनाची चढण]

इटलीतल्या नेपल्सहून सर्कमव्हेसुव्हियाना रेल्वेनं 'पोम्पेई स्कावी' स्थानकावर उतरलं की समोरच पोर्ता मरीना हे प्रवेशद्वार. तिकीट नावानिशी असतं, म्हणून ओळखपत्र जवळ हवं. ३० × ३० × १५ सेंटीमीटरहून मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत.

इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीनं गाडलेलं हे शहर ६६ हेक्टरांचं आहे. त्यातला सुमारे एक तृतीयांश भाग अजून मातीखालीच आहे. सगळं एका दिवसात उरकायला जाऊ नका. सावली फार कमी, दुपारपर्यंत पाय बोलू लागतात आणि सगळी घरं सारखीच दिसायला लागतात. आपण एकच रस्ता धरू : व्हिया देल्लाब्बोन्दान्त्सा.

आधी इथला पत्ता समजून घ्यायला हवा. १९व्या शतकात पुरातत्त्वज्ञ जुझेप्पे फिओरेल्ली यांनी शहराचे ९ भाग आखले. भाग म्हणजे रेजिओ. चारही बाजूंनी रस्ते असलेला घरांचा गट म्हणजे इन्सुला. शेवटी दाराचा क्रमांक. घरांची बहुतेक नावं उत्खनन करणाऱ्यांनी दिलेली, एकाच घराला दोन-तीनसुद्धा. नावावरून शोधणारा हमखास चुकतो. क्रमांक धरून चला.

[दृश्य : फोरमचा कोपरा, रस्त्यात उभे तीन दगड]

फोरम, म्हणजे शहराच्या मुख्य सार्वजनिक चौकातून रस्ता सुरू होतो तिथेच तीन दगड उभे रोवलेत. गाड्यांना फोरममध्ये शिरायला मज्जाव होता. पुढे उतार आहे. फरसबंदी लाव्हाच्या काळ्या दगडाची. पावसात ती निसरडी होते, आणि फटींत टाच अडकते. रबरी तळव्याचे बूट घाला. खाली चाकोऱ्या दिसतील. मध्ये उंच ठेवलेले दगड पादचाऱ्यांना रस्ता ओलांडण्यासाठी, त्यांच्यामधल्या फटींतून गाडीची चाकं जात. वाटेतल्या दगडी हौदाचा काठ पाहा : पाणी पिताना लोक जिथे हात टेकत, तिथे तो झिजून खोलगट झालाय.

स्टॅबियन स्नानगृहं ओलांडून चौक पार करा. आता उजवीकडे रेजिओ १, डावीकडे रेजिओ ९. उजव्या हाताला इन्सुला ४, ६, ७, मग ८.

[दृश्य : उंबरठ्याचा जवळून भाग]

१.८.८, म्हणजे रेजिओ १, इन्सुला ८, दार ८, हे खाणावळीचं दार. ओट्यात मातीचे रांजण बसवलेत. त्यांतल्या एकात सुमारे ३ किलो नाणी सापडली. आता उंबरठ्याकडे वाकून बघा. दगडात लांब खाच आहे, फळ्या सरकवून दुकान बंद करण्यासाठी. आपल्याकडच्या जुन्या पेठांतली फळ्यांची दुकानं अशीच मिटत.

तीनच दारं अंतरावर, १.८.५. या घरात १९३८ मध्ये हस्तिदंताची वीतभर उंचीची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. आधी तिला लक्ष्मी म्हटलं गेलं, आता अभ्यासक यक्षी मानतात. तशाच घडणीच्या मूर्ती धाराशिवजवळच्या तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाल्या आहेत. सातवाहनांच्या या बाजारपेठांमधला माल रोमन जगात जात होता, याचा हा हातात धरता येईल एवढा पुरावा.

मूळ मूर्ती या घरात नाही, ती नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. ते मंगळवारी बंद असतं. बेत आखताना तेवढा वार टाळा.