लाकडी स्टुलावर उभे राहूनही शॉक का लागतो?

नमस्कार. पावसाळा सुरू झाला की एक प्रश्न हमखास येतो: "लाकूड दुर्वाहक आहे, मग लाकडी स्टुलावर उभे राहून बल्ब बदलायला काय हरकत आहे?" तांब्यात मुक्त इलेक्ट्रॉन असतात म्हणून ते सुवाहक, आणि लाकूड, रबर, काच यांत ते जवळजवळ नसतात म्हणून ते दुर्वाहक, एवढे आपण शाळेत शिकलेलो आहोत. अडचण पुढे आहे.

कोकणातल्या आमच्या मामांना अशाच स्टुलावर उभे असताना जोरदार शॉक बसला होता. ते स्टूल रात्रभर पडवीत पावसात भिजले होते. लाकडाच्या छिद्रांत शिरलेल्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात आणि त्या क्षारांचे आयन विद्युतप्रभार वाहून नेतात, त्यामुळे होल्डरपासून मामांच्या शरीरातून ओल्या जमिनीपर्यंत धारेला वाट मिळाली. अगदी शुद्ध पाणी वीज फारच कमी वाहते. पण विहिरीचे किंवा नळाचे पाणी तसे नसते.

हीच गोष्ट आकड्यांत पाहू. कोरड्या त्वचेसह शरीराचा रोध सुमारे 1,00,000 ओहम असू शकतो. ओल्या त्वचेसह तो 1,000 ओहमपर्यंत उतरतो. घरातील 230 व्होल्टला रोधाने भागले, तर पहिल्या स्थितीत 2.3 मिलिअँपिअर आणि दुसऱ्या स्थितीत 230 मिलिअँपिअर धारा येते. घरगुती आरसीसीबी (धारा गळून जमिनीकडे जाऊ लागली की वीज आपोआप तोडणारा स्विच) साधारणपणे 30 मिलिअँपिअर गळतीला वीज तोडण्यासाठी बनवलेला असतो, यावरून दुसरा आकडा किती घातक आहे ते लक्षात यावे.

आता हवेकडे पाहा. हवा उत्तम दुर्वाहक आहे, तरीही सेंटिमीटरमागे सुमारे 30,000 व्होल्ट पडले की तिच्यातूनही ठिणगी उडते. म्हणून एखाद्या पदार्थाला दुर्वाहक म्हणताना तो कोरडा आहे का आणि त्यावर किती व्होल्ट पडत आहेत, हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही.

"स्टूल कोरडे असले तर?" असेही एका प्रेक्षकाने विचारले आहे. एक हात होल्डरमध्ये आणि दुसरा खिडकीच्या लोखंडी गजाला लागला, तर धारा पायांकडे न जाता छातीतून पलीकडे जाते आणि स्टुलाचा काहीही उपयोग होत नाही. शिवाय जुन्या वायरिंगमध्ये बटण चुकून न्यूट्रलच्या (धारा परत नेणाऱ्या) तारेवर बसवलेले असेल, तर ते बंद केल्यावरही होल्डरमध्ये फेज, म्हणजे शॉक देणारी जिवंत वीज, शिल्लक राहते. त्यामुळे बल्ब बदलण्यापूर्वी मेन स्विचच बंद करावा.