एकोणीस ओळी

नमस्कार श्रोतेहो.

मी आपल्या जिल्ह्यातल्या एका छोट्या गावच्या नगरपरिषदेच्या मराठी शाळेत बरीच वर्षं शिकवलं. मे महिना आला की आम्ही शिक्षक पटासाठी दारोदार फिरायचो. उंबऱ्यावरच उत्तर मिळायचं, "गुरुजी, पोराला इंग्लिश मिडियमला घातलंय. व्हॅन दारात येतीया."

पट का महत्त्वाचा? शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 मुलांपर्यंत दोनच शिक्षक. म्हणजे पट घटला की शिक्षक घटतो, आणि शिक्षक घटला की दोघांनी पाच वर्ग सांभाळायचे. ते बघून पालक आणखी एक पोर काढतात. परत सांगतो, पट घटला की शिक्षक घटतो.

आता मला एका सकाळची गोष्ट सांगायचीय. दूध संस्थेत दहा दिवसांच्या बिलाचा वार होता. माझ्या पुढं एक आजी, बरोबर चौथीतली नात. नात आमच्याच शाळेतली. आजींनी बिल तिच्या हातात दिलं, "वाच गं." पोरीनं तारीख, वेळ, लिटर, फॅट, दर असं मोठ्यानं वाचलं. मग थांबली. बोट ठेवून पुन्हा वरून मोजत आली. "आज्जे, सकाळ-संध्याकाळ धरून वीस ओळी पायजेत. एकोणीसच हाईत."

रांग गप्प झाली. आजी खिडकीशी गेल्या. "अवो सेक्रेटरी, एक वक्ताचं घातल्यालं दूध गेलं कुठं?" रजिस्टर काढलं. एका संध्याकाळची नोंद बिलात उतरलीच नव्हती. सेक्रेटरींनी तिथल्या तिथं बिल दुरुस्त केलं. मागची एक बाई म्हणाली, "पोरी, माझंबी बघ की." त्या दिवशी पोरीनं सात-आठ बिलं तपासली. शाळेला उशीर झाला, पण मी तिला रागावलो नाही.

  

तर शाळा. 1917 साली शाहू महाराजांनी करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला 1 रुपया दंड होता. आणि आजही कोल्हापुरात महापालिकेच्या जरगनगरच्या शाळेत प्रवेशासाठी गुढीपाडव्याला पालक रांग लावतात. फी नाही, तरी रांग. तिथलं शिकवणं लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय. तुमच्या गल्लीतली शाळाही एकदा आत जाऊन बघा. वर्गात बसा, पोराला वाचायला लावा, आणि मग ठरवा.

त्या जूनमध्ये शाळा भरली, तेव्हा त्या आजी धाकट्या नातवाला घेऊन आल्या. तो तोवर व्हॅननं जायचा. त्यांनी पदराच्या गाठीतून त्याचा जन्मदाखला काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला.