पारा उतरतो तिथले मासे

(दृश्य : निफाडची द्राक्षबाग, पहाट. ओळींमधून शेकोट्यांचा धूर.)

मंडपाच्या तारेला थर्मामीटर टांगलेला आहे. पारा 6 अंशांवर आला की वडील उठतात, ड्रिप सोडतात, शेकोट्या पेटवतात. विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं, तेवढाच वेलींना आधार. पाणी उतरलेल्या, म्हणजे पिकू लागलेल्या मण्यांना एका रात्रीत तडे जातात. थंडीचा धाक आम्हाला कुणी शिकवावा लागत नाही. म्हणूनच एका दूरच्या समुद्राची ही गोष्ट मला घरची वाटते.

(दृश्य : निळं पाणी, प्रवाळ.)

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, दक्षिण अक्षांश 31 अंशांवर लॉर्ड होव बेट आहे. जगातली सर्वांत दक्षिणेकडची प्रवाळभित्ती इथली. समुद्राचं पाणी बराच काळ 18 अंशांखाली राहिलं, तर प्रवाळांना भित्ती उभारणं अवघड जातं. इथले प्रवाळ त्या काठावर जगतात. गरम आणि थंड पाण्यातले मासे इथे शेजारी नांदतात.

हे मासे मोजायचे कसे? नांदूर मध्यमेश्वरला पक्षी मोजणाऱ्यांना दुर्बीण आणि वही पुरते. इथे पाणबुडे तळाशी 50 मीटरचा टेप अंथरतात. जाताना मोठे, भुर्रकन निसटणारे मासे. परतताना कपारीत दडलेले छोटे. जात, संख्या आणि नजरेच्या अंदाजानं लांबी, सगळं पेन्सिलीनं प्लास्टिकच्या पाटीवर. अशी नोंद वर्षानुवर्षं, त्याच जागी करत राहण्याला मी फार मोठं काम मानते.

(दृश्य : खडकाआड फुलपाखरू माशाचं पिल्लू.)

दर उन्हाळ्यात पूर्व ऑस्ट्रेलियाचा गरम प्रवाह गरम पाण्यातल्या माशांची नखाएवढी पिल्लं सिडनीपर्यंत वाहून आणतो. पूर्वी हिवाळा आला की ती मरत. आता पाणी तापतंय, आणि काही पिल्लं हिवाळा काढतात.

बातमी आनंदाची वाटते. पण ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या सॉलिटरी बेटांपाशी 2002 ते 2011 अशी दहा वर्षं आमिष लावून केलेलं चित्रीकरण पाहा. केल्प म्हणजे समुद्रातलं मोठं शेवाळ. त्याच्या रुंद, तपकिरी पात्यांवर चाव्यांच्या खुणा वाढत गेल्या. शेवाळ खाणारे गरम पाण्यातले मासे वाढले, आणि त्या जागांवरचं केल्पचं रान संपलं. संशोधकांनी पुन्हा केल्प लावून पाहिलं. माशांनी काही तासांत ते फस्त केलं.

(दृश्य : काळपट मासा, गालावर पांढरा पट्टा. भोवती समुद्रफूल.)

हा मॅककुलकचा क्लाउनफिश. लॉर्ड होव आणि आसपासच्या मोजक्याच भित्तींवर राहतो. पाणी आणखी तापलं, तर गारव्यासाठी त्याला दक्षिणेकडे सरकावं लागेल. पण तिकडे नुसता उघडा, खोल समुद्र आहे. टेकायला प्रवाळ नाही.