पॅड म्हणजे नुसता चुन्याचा एच नव्हे
(सांगली येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

नमस्कार मंडळी. उभी नोकरी बांधकाम खात्यात काढली. रस्ते केले, मोऱ्या बांधल्या, पण जत-कवठेमहांकाळकडं मला अजून 'हेलिपॅडवाले साहेब' म्हणूनच ओळखतात. निवडणूक लागली की रात्री अकराला फोन: उद्या नेते येणार, पॅड करा. करा म्हणजे रोलर फिरवा आणि चुन्यानं एच काढा, एवढीच समजूत.

हेलिकॉप्टर हवेत राहतं ते हवा खाली ढकलून. पाच-सहा टनांचं यंत्र तोलायचं तर झोतही तसाच जबर लागतो. तो जमिनीवर आपटतो, चहूकडं पसरतो, वर चढतो आणि फिरून पात्यांत ओढला जातो. उन्हाळ्यातल्या जतच्या मातीवर हे झालं की वैमानिकाला जमीनच दिसेनाशी होते. सरळ उतरतोय की बाजूला सरकतोय, कळत नाही. सरकताना एक पाय ढेकळात अडकला, की यंत्र त्याच पायावर कलंडायला लागतं आणि एका हद्दीपलीकडे ते कुणालाच सावरत नाही. ३ मे २०२४ ला महाडला उतरताना असाच धुरळा उठला आणि हेलिकॉप्टर आडवं झालं. माणसं वाचली, नशीब.

म्हणून पाणी मारायचं. माझ्याच एका पॅडवर पहाटेचा टँकर आठला आला. पोरांनी घाईत एच आणि भोवतीचा गोल तेवढा भिजवला, बाकी मैदान कोरडं ठणठणीत. हेलिकॉप्टर खाली आलं, दोन पुरुष उंचीवर धुळीत गडप झालं, आणि आवाज बदलला. वैमानिकानं वर उचललं होतं. शेवटी पलीकडच्या गवताळ पडीक तुकड्यात तो उतरला. मला काही बोलला नाही. चालत पॅडवर आला, बुटाच्या टोकानं कोरडी माती उकरून दाखवली आणि परत गेला. तेव्हापासून आदल्या संध्याकाळी एकदा, पहाटे एकदा, आणि गोलाच्या पार बाहेरपर्यंत.

पण हेच वाळव्याच्या काळ्या रानात केलंत तर चाकं रुततील. तिथं मुरूम हवा, दाबाई हवी. घाई काँक्रीटलाही चालत नाही. २२ ऑक्टोबर २०२५ ला केरळात प्रमाडमला राष्ट्रपतींच्या हेलिकॉप्टरची चाकं ताज्या काँक्रीटमध्ये रुतली. पोलीस आणि अग्निशमनच्या जवानांनी ढकलून काढली.

आता तारा. वरून खांब दिसतो, तार दिसत नाही. २५ मे २०१७ ला निलंग्यात मुख्यमंत्री फडणवीसांचं हेलिकॉप्टर उडाल्या-उडाल्या खाली आलं आणि तारांत अडकून कोसळलं. त्या निदान विजेच्या लाईनच्या तारा. आपला शेतकरी विहिरीवरच्या मोटारीला आडवी वायर ओढतो, तिचा तर कुठल्याच कागदावर पत्ता नसतो. अशी एक काढायला सांगितली तर उत्तर मिळालं, "साहेब वरनं येणार, वायर तर खाली हाय." म्हणून पॅडभोवती मी स्वतः चालत फेरी मारायचो, मान वर करून.

कचऱ्याचंही तसंच. मार्च २०२३ मध्ये कर्नाटकात जेवर्गीला येडियुरप्पांचं हेलिकॉप्टर उतरताना मैदानातले प्लॅस्टिकचे कागद उडाले आणि वैमानिकाला पुन्हा वर जावं लागलं. आपल्याकडे प्लॅस्टिक कमी, फ्लेक्स जास्त.

आणि गर्दी! शेपटाकडचा छोटा पंखा फिरताना दिसतच नाही. एप्रिल २०२३ मध्ये केदारनाथच्या हेलिपॅडवर त्यानं एका अधिकाऱ्याचा जीव घेतला. आपल्याकडे पाती थांबायच्या आत हार घेऊन धावतात. कुणाची टोपी उडते, कुणाचा फेटा सुटतो, आणि माणूस फेट्यामागं कुठंही पळतो. एका सरपंचांना मी दोराच्या आत येऊ दिलं नाही. "मग हार घालायचा कुठं?" मी गाडीकडं बोट दाखवलं. हलगीवालेही तिथंच नेऊन उभे केले. सरपंच पुढं दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत.